डेटा व्हिज्युअलायझेशनची पदव्युत्तर पदवी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी सांभाळणाऱ्या एका संस्थेत ती बरीच वर्षं विश्लेषक आहे. संख्याशास्त्राची पदवी, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवर पक्का हात, आर या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेत चांगली गती, टॅब्लो हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर तर रोजचंच. दर महिन्याचे अहवाल आणि वरिष्ठांसमोर जाणारे डॅशबोर्ड तिच्याच टेबलावरून निघतात. पुढे डेटा व्हिज्युअलायझेशनमध्येच, म्हणजे आकडेवारी आलेखांतून मांडण्याच्या क्षेत्रात, काम करायचं आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी घ्यायची, एवढं तिचं ठरलेलं होतं. मी या क्षेत्रात शिकवतो म्हणून ती माझ्याकडे आली. तिचा प्रश्न सरळ होता: पैशांच्या मानाने सर्वांत चांगला अभ्यासक्रम कोणता?

तिची ओळख पटू नये म्हणून संस्थेचं आणि शेवटी घेतलेल्या अभ्यासक्रमाचं नाव इथे गाळलं आहे. बाकी सगळं तिच्या परवानगीने लिहितो आहे, कारण हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्यांची सुरुवात जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणाहून होते.

तिची सुरुवातही तिथूनच झाली होती. तिने एक तक्ता करून आणला होता: अभ्यासक्रमाचं नाव, देश, कालावधी, फी. फीच्या चढत्या क्रमाने लावलेला. सर्वांत वर जर्मनीतली काही सार्वजनिक विद्यापीठं आणि जॉर्जिया टेकची ऑनलाइन अ‍ॅनालिटिक्सची पदवी. सर्वांत खाली न्यूयॉर्कमधल्या पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइनचा एक वर्षाचा एमएस. मधल्या ओळींत प्रॅट, नॉर्थईस्टर्न, सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचं ग्रॅज्युएट सेंटर, लंडनमधली एक-दोन नावं आणि मेरीलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्टचा ऑनलाइन अभ्यासक्रम. मेहनत दिसत होती. वर्षभर बिनपगारी निघेल एवढी बचत तिच्याकडे होती. मोठं कर्ज काढायचं नव्हतं, आणि घरच्यांचा काही खर्च तिच्या पगारावर चालत होता.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि तिचं काम दाखवायला सांगितलं.

एक आलेख

तिने जो आलेख काढला तो तिच्या संस्थेत सगळ्यांना आवडलेला होता. चौदा आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्रावर रुग्णाला सरासरी किती वेळ थांबावं लागतं ते दाखवणाऱ्या चौदा आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला वेगळा रंग, उजवीकडे रंगांची सूची. पट्टीशेजारी केंद्राचं नाव लिहिलेलंच होतं, त्यामुळे रंग काहीच सांगत नव्हते. पण ती बाब किरकोळ. मी मधल्या एका पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, या केंद्रावर माणूस साधारण किती थांबतो?

"दीड तास," ती म्हणाली.

मूळ नोंदी तिच्या लॅपटॉपवर होत्याच. मी म्हटलं, त्या केंद्रावरचा प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ठिपका, आणि सगळे ठिपके एकाच वेळेच्या अक्षावर. तिने आरमध्ये चार-पाच ओळी लिहिल्या आणि चित्र समोर आलं. ठिपक्यांचे दोन पुंजके होते. निम्म्याच्या आसपास लोक वीसेक मिनिटांत मोकळे झालेले, उरलेले अडीच तासांच्याही पुढे गेलेले. दीड तासापाशी जवळजवळ रिकामं. ज्या दीड तासावर दर महिन्याला बैठकीत चर्चा होत होती, तेवढा वेळ तिथे कोणी थांबतच नव्हतं. दुसरा पुंजका रक्ततपासणीला पाठवलेल्यांचा निघाला.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हे मला करता येत होतं."

तिच्या प्रकरणाची किल्ली या वाक्यात आहे. कोड तिला येत होता, संख्याशास्त्रही येत होतं. इतक्या वर्षांत तिच्या आलेखासमोर बसून "याने नेमकं काय कळतं?" असं विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. तिच्या कामावर आलेल्या सूचना म्हणजे रंग जरा उजळ करा, बोधचिन्ह मोठं करा, शेवटचा महिना वेगळा दाखवा. डिझाइन शाळांत ज्याला क्रिट म्हणतात, म्हणजे काम भिंतीवर लावायचं आणि जाणत्या लोकांनी ते उभं-आडवं तपासायचं, ते तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

म्हणून तिला पदवीतून विकत घ्यायची होती ती ही तपासणी: पुन्हा पुन्हा, जवळून, ज्यांचा डोळा तयार आहे अशांकडून. माझं मत इथे ठाम आहे. या विषयात पदवीचं मोल फीवरून कळत नाही. तुमच्या कामावर जाणत्या माणसाने किती वेळा बोट ठेवलं आणि त्यानंतर ते काम तुम्ही किती वेळा पुन्हा केलं, यावरून कळतं. साधनं शिकवणारे धडे फुकट मिळतात. हे मिळत नाही.

तक्त्याला नवा स्तंभ

आम्ही तक्ता पुन्हा मांडला. फीच्या शेजारी एक स्तंभ घातला: एकूण क्रेडिटपैकी खरोखर व्हिज्युअलायझेशनची किती?

पहिला धक्का सर्वांत वरच्या ओळींपैकी एकीलाच बसला. जॉर्जिया टेकची ऑनलाइन अ‍ॅनालिटिक्सची पदवी 2017 मध्ये सुरू झाली. संपूर्ण पदवी 10,000 डॉलरच्या आत होते म्हणून ती गाजली, आणि ते कौतुक योग्यच आहे. पण पदवी 36 क्रेडिटची, आणि त्यात आमच्या विषयाचा सक्तीचा पेपर एकच, डेटा अँड व्हिज्युअल अ‍ॅनालिटिक्स, 3 क्रेडिटचा. म्हणजे बारावा हिस्सा. उरलेल्यात प्रतिमानं (मॉडेल), यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग), व्यवसायाचं विश्लेषण. ज्याला विश्लेषक व्हायचं आहे त्याला इतक्या कमी पैशांत इतकं क्वचितच कुठे मिळेल. ही मात्र विश्लेषक आधीच आहे. पुष्कळसं तिला येत असलेलंच पुन्हा शिकायला तिने दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी घालवायच्या, आणि ज्यासाठी निघाली त्याचा एकच पेपर पदरात पाडून घ्यायचा. फी इतकी कमी असूनही तिच्यासाठी हा सौदा महागाचा होता.

दुसऱ्या टोकाला पार्सन्स. 30 क्रेडिट, एक वर्ष, आणि जवळजवळ सगळंच या विषयाभोवती. एकूण फीच्या आकड्याने छाती दडपते. पण व्हिज्युअलायझेशनच्या दर क्रेडिटमागे खर्च काढला की दोन टोकांमधलं अंतर बरंच आटतं. शिवाय एक वर्षाच्या पदवीत पगार एकाच वर्षाचा बुडतो. हा हिशेब केल्यावर "परवडत नाही" असं लाल अक्षरांत लिहिलेली ओळ तिने पुन्हा काळी केली. पार्सन्स घ्यायचंच असं नव्हे, पण न बघता खोडायचंही नाही.

मधल्या ओळींत आणखी एक गोष्ट उलगडली. एकाच विषयाच्या या पदव्या वेगवेगळ्या विभागांत जन्माला येतात आणि जन्माची खूण प्रत्येकीवर राहते. प्रॅटचा डेटा अ‍ॅनालिटिक्स अँड व्हिज्युअलायझेशनचा एमएस तिथल्या माहितीशास्त्राच्या शाळेत आहे, त्यामुळे माहितीची रचना, वापरकर्ता, संग्रह हे विषय तिथे सहज येतात. नॉर्थईस्टर्नचा माहिती-डिझाइन आणि डेटा व्हिज्युअलायझेशनचा अभ्यासक्रम कला आणि डिझाइनच्या अंगाने जातो. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या ग्रॅज्युएट सेंटरचा डेटा अ‍ॅनालिसिस अँड व्हिज्युअलायझेशनचा एमएस मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांच्या शेजारी वाढला. संस्कृतीच्या डेटावर काम करणारे लेव्ह मॅनोविच त्याच ग्रॅज्युएट सेंटरचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हाच विषय शहरांच्या विश्लेषणाच्या केंद्रात, नकाशांसोबत शिकवला जातो. आणि संशोधनाचा भक्कम गाभा बघायचा तर तो बहुतेक ठिकाणी संगणकशास्त्राच्या विभागांत सापडतो, जिथे पदवीच्या नावात "व्हिज्युअलायझेशन" असेलच असं नाही.

नाव शोधत बसणाऱ्याच्या हातून नेमकी हीच ठिकाणं निसटतात. वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री हीर यांची प्रयोगशाळा आहे. वेबवर आलेख काढायचं डी3 हे साधन ज्या तिघांनी 2011 मध्ये मांडलं त्यांतले ते एक, आणि व्हेगा-लाइट ही आलेख मांडायची भाषा त्याच प्रयोगशाळेतून आली. जॉर्जिया टेकच्या कॅम्पसवर या विषयाचे संशोधक जॉन स्टास्को. युटा विद्यापीठातली संगणन आणि प्रतिमांची संशोधन संस्था, लंडनच्या सिटी सेंट जॉर्जेस विद्यापीठातलं जीआयसेंटर हे संशोधन केंद्र, व्हिएन्नाचं तंत्रविद्यापीठ, स्टुटगार्ट, कॉन्स्टान्झ, आइंडहोवन, बर्गन, स्वीडनमधलं लिंकोपिंग. आयईईई व्हिस या व्हिज्युअलायझेशनच्या संशोधन परिषदेत सादर झालेल्या निबंधांवर कोणत्या विद्यापीठांची नावं पुन्हा पुन्हा येतात ते चाळलं की ही यादी कोणालाही काढता येते. ही परिषद 1990 पासून दर वर्षी भरते आहे आणि तिचे कार्यक्रम उघडपणे बघायला मिळतात.

युरोपची कमी फी आणि दारातली अट

तिच्या तक्त्यात जर्मनीसमोर फी शून्य लिहिलेली होती. बहुतेक राज्यांतल्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी ते खरं आहे. पण स्टुटगार्ट आणि कॉन्स्टान्झ, म्हणजे आमच्या विषयातली दोन मोठी नावं, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतात, आणि त्या राज्याने 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे 1,500 युरो लावले. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही 2024 च्या हिवाळ्यापासून अशा विद्यार्थ्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली. स्वीडनने 2011 मध्ये, नॉर्वेने 2023 मध्ये तेच केलं. ऑस्ट्रियात सत्राला 726.72 युरो. हे आकडे अमेरिकेच्या तुलनेत अजूनही लहानच आहेत. मात्र "युरोपात शिक्षण मोफत" हे वाक्य आता देश, राज्य आणि विद्यापीठ बघूनच बोलावं लागतं.

तिची वाट अडली ती फीवर नाहीच. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातला व्हिज्युअल कॉम्प्युटिंगचा मास्टर्स तिला मनापासून आवडला होता. पण अशा अभ्यासक्रमांना आधीच्या पदवीत संगणकशास्त्राचे ठरावीक विषय ठरावीक क्रेडिटने झालेले लागतात. अल्गोरिदम, ग्राफिक्स, रेषीय बीजगणित. संख्याशास्त्राच्या पदवीत यातलं थोडंच बसतं. अनुभव कितीही असला तरी युरोपातली प्रवेश समिती आधी गुणपत्रिका बघते, आणि तिथे विनवणी चालत नाही. डिझाइनच्या बाजूने जावं तर जर्मनीतले कित्येक अभ्यासक्रम जर्मनमधून चालतात आणि आधीची पदवी डिझाइनची मागतात.

इटलीत वेगळं दार आहे. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि तिथल्या डेन्सिटी-डिझाइन या प्रयोगशाळेने रॉग्राफ्स हे आलेख काढायचं साधन घडवलं. त्या प्रयोगशाळेचं कामकाज बघून ती हरखून गेली होती. पण तिथेही मागची पदवी आडवी आली, आणि दोन पूर्ण वर्षं पगाराशिवाय काढणं तिच्या बचतीत बसत नव्हतं. कमी फीची दोन वर्षं की जास्त फीचं एक वर्ष, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या माणसासाठी फीवर सुटत नाही. तो पगारावर सुटतो. विद्यार्थ्याने थेट पदवीनंतर जायचं असेल तर हेच उत्तर पूर्ण उलटं येऊ शकतं. त्याचा बुडणारा पगार लहान असतो, त्यामुळे त्याच्यासाठी व्हिएन्ना किंवा लिंकोपिंग फार मोलाचं ठरेल.

सिलॅबस वाचणं

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घातला, आणि अजूनही मला वाटतं की अर्जदारांनी हेच काम सर्वांत मन लावून करावं. माहितीपत्रक वाचून काहीच कळत नाही. प्रत्येक पेपरचा आठवडावार आराखडा मिळवायचा. बरेच प्राध्यापक तो आपल्या पानावर उघडा ठेवतात. नसेल तर कार्यालयाला पत्र लिहून मागायचा. देत नाहीत तेही एक उत्तरच असतं.

आम्ही पहिल्यांदा बघितलं ते आराखडा साधनांवर उभा आहे की तत्त्वांवर. पहिला आठवडा टॅब्लोची ओळख, दुसरा टॅब्लोतले फिल्टर, तिसरा पॉवर बीआय, असा क्रम दिसला की ती ओळख करून देणारी कार्यशाळा आहे. पदव्युत्तर पातळीचे पैसे तिथे देऊ नयेत. साधनं किती लवकर जातात याचा दाखला याच क्षेत्रात आहे. 2005 च्या सुमाराला जावामधलं प्रीफ्यूज होतं, मग फ्लॅशवर चालणारं फ्लेअर आलं, 2009 मध्ये प्रोटोव्हिस, आणि 2011 मध्ये डी3 ने त्याची जागा घेतली. यामागची माणसं बरीचशी तीच होती. फ्लॅश तर 2020 च्या शेवटी बंदच झालं. ज्याने तेव्हा फक्त फ्लेअर शिकलं त्याच्या हाती आज काय उरलं? आणि ज्याने तेव्हा क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांचा 1984 चा निबंध नीट वाचला, त्याचं ज्ञान आजही तसंच कामाला येतं. एकाच अक्षावरची स्थानं माणूस अचूक ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ ताडताना चुकतो, हे त्या दोघांनी प्रयोगांतून दाखवलं. तिच्या ठिपक्यांच्या चित्राची ताकद तिथूनच येते.

म्हणून आराखड्यात आकलनाचा भाग कुठे आहे, आलेखांच्या दृश्य भाषेचा सिद्धांत मांडणारा फ्रेंच नकाशाकार बर्टिन येतो का, अनिश्चितता कशी दाखवायची यावर एखादा तरी आठवडा आहे का, दृष्टिदोष असलेल्या वाचकांचा विचार आहे का, हे तपासलं. शेवटच्या दोन गोष्टी सहसा गळतात. आरोग्याच्या आकडेवारीत काम करणाऱ्याला तर त्या टाळून चालतच नाही.

मग गुण कशाला मिळतात ते. लेखी परीक्षेला निम्मे गुण असतील तर तिथे क्रिटला जागा थोडी. तेच काम तीन टप्प्यांत सादर करायचं, प्रत्येक टप्प्यावर अभिप्राय आणि दुरुस्ती, असं लिहिलेलं दिसलं की त्या ओळीखाली ती रेघ मारायची. वर्गात किती विद्यार्थी हेही तिने प्रत्येक ठिकाणी विचारलं. साठ जणांच्या वर्गात सत्रभरात एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती मिनिटं येतील याचा हिशेब कोणालाही करता येतो.

आणि शिकवणार कोण? अभ्यासक्रमाचं नाव तेच राहतं, माणसं जातात. डेन्सिटी-डिझाइन उभं करणारे पाओलो चिउकारेली मिलानहून नॉर्थईस्टर्नला गेले. मिरिया मायर युटाहून लिंकोपिंगला. चार वर्षांपूर्वीच्या कुठल्याही "उत्कृष्ट अभ्यासक्रमांच्या" यादीवर विसंबण्यात हा धोका आहे. येत्या वर्षी कोण रजेवर आहे, कोणता पेपर अभ्यागत प्राध्यापक घेणार, हे पत्र लिहून विचारता येतं, आणि विचारावंच.

माजी विद्यार्थी

कार्यालयाने जोडून दिलेले माजी विद्यार्थी गोड बोलतात. तिने अंतिम प्रकल्पांच्या उघड्या प्रदर्शनांतून नावं शोधली आणि ज्यांचं काम मधलंसं वाटलं त्यांना लिहिलं. ही युक्ती तिचीच. सर्वोत्तम विद्यार्थी कुठेही चमकतो, अभ्यासक्रमाची खरी पातळी मधल्यांत दिसते असं तिचं म्हणणं, आणि ते मला अगदी पटलं.

प्रश्न थोडे होते. तुमच्या अंतिम प्रकल्पाचे किती मसुदे झाले आणि प्रत्येकावर कोणी बोललं? पदवीनंतर मिळालेल्या कामात पोर्टफोलिओतला कोणता तुकडा बघितला गेला? पुन्हा निवडायचं असतं तर त्याच पैशांत काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लांबलचक आली. एकाने लिहिलं की दुसऱ्या विभागातला मुद्रणाक्षरांचा एक पेपर हाच त्याच्या दोन वर्षांतला सर्वांत मोलाचा ठरला, आणि तो घेता येतो हे त्याला शेवटच्या सत्रात कळलं. दुसऱ्या विभागातले पेपर घेण्याची मुभा आहे का, हा प्रश्न त्या उत्तरामुळे तिच्या यादीत आला. पुढे त्या प्रश्नानेच तिला वाचवलं.

खर्चाचा पूर्ण हिशेब

फी, सक्तीची इतर शुल्कं, विमा, राहणं-खाणं, बुडणारा पगार. त्यातून वजा: शिष्यवृत्ती, सहायक म्हणून मिळणारं काम, मालकाने उचललेला वाटा. जर्मनीसारख्या ठिकाणी फी नसली तरी व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो. 2024 च्या शरदापासून तो आकडा 11,904 युरो झाला. अमेरिकेत जाणाऱ्याने अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे की नाही हे आधी बघावं. पदवीनंतर 12 महिने काम करण्याची मुभा सगळ्यांना, पण स्टेम असेल तर आणखी 24 महिने वाढवून मिळतात. एकाच शहरातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पदव्यांत या एका शिक्क्याने मोठा फरक पडतो.

शिक्षण-सहायकाचं काम आणि त्यासोबत फीमाफी ही सोय अमेरिकेत मुख्यतः प्रबंध लिहायला लावणाऱ्या, संशोधनाकडे झुकलेल्या विभागांत सापडते. एक वर्षाच्या व्यावसायिक पदव्यांत ती क्वचित असते. मात्र डिझाइन शाळा गुणवत्तेवर फीसवलत देतात, आणि दुसऱ्या शाळेचं सवलतीचं पत्र हाती असेल तर सभ्य शब्दांत पुनर्विचाराची विनंती करता येते. तिने केली. एका ठिकाणी सवलत वाढली, एका ठिकाणी नकार आला.

सर्वांत मोठा बदल मात्र तिच्या स्वतःच्या संस्थेतून आला, आणि तो तिच्या पहिल्या तक्त्यात कुठेच नव्हता. मी तिला तो ठिपक्यांचा आलेख घेऊन वरिष्ठांकडे जायला सांगितलं. नुसती पदवीसाठी मदत मागण्यापेक्षा, पदवीतून संस्थेला काय मिळेल ते समोर ठेवून मागणं वेगळं. वरिष्ठांनी तो आलेख बघितला, रक्ततपासणीच्या पुंजक्यावर तिला बरेच प्रश्न विचारले, आणि दोन गोष्टींना होकार दिला: उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक पेपरच्या फीचा काही भाग परत, आणि विद्यापीठ असलेल्या शहरातल्या शाखेत बदली. बदल्यात पदवीनंतर दोन वर्षं संस्था सोडायची नाही.

निवड, आणि पहिलं वर्ष

पगार चालू राहणार म्हटल्यावर चित्र पालटलं. तिने सार्वजनिक विद्यापीठाचा, संध्याकाळच्या वर्गांचा, अर्धवेळ करता येणारा 30 क्रेडिटचा अभ्यासक्रम घेतला. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त क्रेडिट थेट व्हिज्युअलायझेशनची. तक्त्यात तो फीने मधे होता, आणि सगळा हिशेब केल्यावर सर्वांत वर आला. पूर्णवेळ पार्सन्ससारखी तीव्रता त्यात नाही, हे तिला माहीत होतं. वर्षभर सकाळ-संध्याकाळ त्याच वातावरणात राहण्याने जे घडतं ते अर्धवेळात घडत नाही. दोन वर्षांच्या कराराचंही तिला ओझं वाटत होतं, आणि ते वाटणं मला रास्त वाटलं. अशा करारात मधेच सोडलं तर किती रक्कम परत करायची आणि ती वर्षागणिक कमी होते का, हे आम्ही लिहून घ्यायला लावलं.

पहिलं सत्र उत्तम गेलं. आठवड्याला एक काम भिंतीवर, दहा-बारा डोळे त्यावर. तिने मला पाठवलेल्या एका कामाचे चार मसुदे होते, आणि पहिल्या व चौथ्यातलं अंतर बघून मला फार आनंद झाला. पहिल्यात तिने तिला माहीत असलेलं सगळं भरलं होतं. चौथ्यात एकच प्रश्न होता आणि अक्ष, शीर्षक, टिपा सगळं त्याच्या कामाला लावलेलं.

दुसऱ्या सत्रात अडचण आली. ज्या स्टुडिओसाठी तिने हा अभ्यासक्रम निवडला, तो घेणारे अभ्यागत प्राध्यापक सोडून गेले, आणि त्या जागी डॅशबोर्ड-साधनांचा पेपर लावला गेला. म्हणजे तिला सर्वांत चांगलं येत असलेलंच. त्या पेपरची फी भरून बसण्याऐवजी तिने नियम पुढे केला: दुसऱ्या विभागातले 6 क्रेडिटपर्यंतचे पेपर मान्य. डिझाइन विभागातला माहिती-डिझाइनचा स्टुडिओ तिने मागितला, आपला पोर्टफोलिओ जोडला, आणि तो मिळाला. नियम आधीच वाचलेला नसता तर अर्ज करायची मुदत निघून गेली असती.

दरम्यान तिच्या संस्थेत सरासरीच्या पट्ट्या गेल्या. मासिक अहवालात आता प्रत्येक केंद्राचं ठिपक्यांचं वितरण जातं, आणि त्या मधल्या केंद्राने रक्ताचे नमुने दिवसातून एकदाऐवजी दोनदा पाठवायला सुरुवात केली आहे.

अंतिम प्रकल्पासाठी तिला हीच प्रतीक्षेची आकडेवारी वापरायची आहे. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे आणि संस्थेकडे दोन्हीकडे परवानगीचे अर्ज गेले आहेत. पेच लहान केंद्रांचा आहे: जिथे दिवसाला पाच-सहाच रुग्ण येतात तिथे एक ठिपका म्हणजे ओळखता येणारा एक माणूस. अशा केंद्रांसाठी वेळेचे रुंद टप्पे पाडून मोजणी दाखवायची, का वितरणाला समान भागांत तोडून प्रत्येक भागासाठी एक प्रातिनिधिक ठिपका काढायचा, यावर तिचे मार्गदर्शक आणि ती सध्या मसुदे करत आहेत. पहिल्या पद्धतीत दोन पुंजके विरघळून जाण्याची भीती आहे, दुसरीत वाचकाला ठिपका म्हणजे रुग्ण असंच वाटत राहतं. पुढच्या क्रिटला दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लागणार आहेत.